दूध आणि पिठाचें पाणी

महाभारताच्या आदिपर्वांत एक लहानशी कथा आहे. द्रोणाचार्यांच्या घरीं दारिद्र्य होतें. दाराशीं गाय नव्हती. इतर मुलांना दूध पितांना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठीं रडूं लागला, तेव्हां त्याला पाण्यांत पीठ कालवून पाजण्यांत आलें; आणि ‘मी दूध प्यालों’ असें म्हणत तो आनंदानें नाचूं लागला. कथा सांगणारे येथें बापाच्या लाजेकडे आपलें लक्ष वेधतात, व तें योग्यच आहे. कारण द्रुपदाशीं झालेलें पुढचें सगळें वैर त्या लाजेंतून उगवतें. माझें लक्ष मात्र अलीकडे त्या नाचणाऱ्या मुलाकडे जातें. त्याचा आनंद खोटा होता काय? आनंद खराच होता. खोटें होतें तें दूध. मग ज्या हातांनीं तो पेला त्याच्या ओठांशीं नेला, त्या हातांना आपण काय म्हणावें? दयाळू कीं लबाड?

हा प्रश्न मला पुराणांच्या वाचनांतून सुचलेला नाहीं. तो माझ्या धंद्यांतून आला. मी एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों, आणि गेलीं वीस-बावीस वर्षें, पावसाळा ओसरूं लागला कीं, आसपासच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांपुढें व्याख्यानें देत हिंडतों. या समारंभांची घडण वाचकांच्या परिचयाची असेल. सरस्वतीच्या तसबिरीला हार, समईची वात पेटतां पेटत नाहीं म्हणून थोडी धांदल, पाहुण्याला स्वतःलाहि ओळखूं येणार नाहीं अशी त्याची स्तुति, शाल, श्रीफळ, आणि मग पाऊण तास त्याच्या स्वाधीन. समोर बी. एस्‌सी.च्या तिन्ही वर्षांचीं मुलें-मुली. कांहीं खरोखर ऐकावयास आलेलीं, कांहीं हजेरीच्या धाकानें आणून बसविलेलीं. एवढ्या अवधींत त्यांना सापेक्षतावाद, पुंजवाद, विश्वाची उत्पत्ति, यांपैकीं कांहींतरी सांगावयाचें असतें. आणि ‘सोपें करून सांगावें’ हे शब्द आमंत्रणपत्रांत हटकून असतात.

माझा हुकमी विषय गुरुत्वाकर्षण. बरोबर एक पिशवी असे. तींत ताणलें जाणारें एक काळें कापड, गोळाफेकीचा एक लोखंडी गोळा आणि मूठभर गोट्या. चार विद्यार्थ्यांना व्यासपीठावर बोलावून कापडाचीं चार टोकें धरावयास लावावयाचीं. हें कापड म्हणजे अवकाश. मध्यें गोळा ठेवतांच कापड खोल दबतें, हा सूर्य. मग बाजूनें एक गोटी सोडावयाची. ती सरळ न जातां गोळ्याभोंवतीं वळसे घालूं लागते. ‘सूर्य पृथ्वीला ओढीत नाहीं, सूर्य अवकाशाला वाकवितो, आणि त्या वाकलेल्या अवकाशांतून पृथ्वी आपल्या सरळ वाटेनें चालते!’ असें मीं म्हटलें कीं सभागृहांत टाळी पडे. पडेच. वीस वर्षांत ती एकदांहि चुकली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं हें व्याख्यान झालें. प्रश्नोत्तरांच्या वेळीं, दुसऱ्या वर्षाला असावी अशी एक मुलगी उभी राहिली.

‘सर, गोटी गोळ्याकडे कां वळली?’

‘कापड तेथें वाकलेलें होतें म्हणून.’

‘पण वाकलेल्या कापडावरून ती खालीं कां घसरली? पृथ्वीनें खालीं ओढली म्हणूनच ना? म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरलें.’

माझ्यापाशीं खरें उत्तर होतें, आणि तें तीनच शब्दांचें होतें: तुझें बरोबर आहे. तें मीं दिलें नाहीं. मीं घड्याळाकडे पाहिलें, हंसलों, आणि म्हणालों, ‘अग, उपमा ही उसासारखी असते. रस निघाला कीं थांबावें. अधिक पिळलें तर चोथाच हातीं येतो!’ सभागृह खळखळून हंसलें. मुलगी खालीं बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण कांहींतरी वेडगळ बोललों अशी समजूत होऊन माणूस जसा बसतो, तशी ती बसली.

परततांना एस. टी.च्या गाडींत, मांडीवर शाल-श्रीफळाची पिशवी आणि पायाशीं तो लोखंडी गोळा घेऊन बसलों असतां, मला प्रथमच आपल्या व्यवसायाची थोडी किळस आली. कापड अपुरें होतें हा कांहीं अपराध नव्हे; मनुष्याच्या हातांतलें कोणतें चित्र पुरें असतें? अपराध असा कीं, तें कोठें फाटतें हें त्या मुलीनें अचूक बोट ठेवून दाखविलें, तें बोट बरोबर जागीं आहे हें मला त्याच क्षणीं कळलें, आणि तरीहि मीं दोनशें जणांचें हंसूं तिच्या अंगावर सोडलें.

बरें, तिचा प्रश्न होता त्याहूनहि खोल होता. झाडाच्या फांदीला लटकलेला एक आंबा घ्या. देंठ सुटला. सुटण्याच्या क्षणीं आंबा स्थिर आहे. त्याला अवकाशांत वाट अशी नाहींच. ज्याला वाट नाहीं त्याची वाट वाकली काय आणि न वाकली काय? तरी तो पडतो. अवकाशाची वक्रता कितीहि वर्णन केली तरी स्थिर आंबा कां हलूं लागतो हें तीमधून निघत नाहीं. पण अवकाशांत स्थिर असलेला आंबाहि एका दिशेनें अखंड चाललेलाच असतो. ती दिशा काळाची. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणें पृथ्वीजवळ जें मुख्यतः बिघडलेलें आहे तें अवकाशाचें माप नव्हे, काळाचें आहे. माळ्यावरचें घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षां जलद चालतें. फरक अत्यल्प: एक मीटर उंचीला सुमारें २९ कोटी वर्षांत एक सेकंद. परंतु हा फरक कल्पनेंतला नव्हे. अमेरिकेंतील हार्वर्ड येथें १९६० सालीं पाउंड व रेब्का या दोघांनीं साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यांत तो किरणांच्या साह्यानें मोजला. पुढें २०१० सालीं अमेरिकेंतच बोल्डर येथें दोन अणुघड्याळांपैकीं एक अवघें ३३ सेंटिमीटर वर उचललें, तों तेवढ्यानेंहि त्याच्या चालींत पडलेला फरक दिसून आला. आपल्या खिशांतील दूरध्वनि ज्या उपग्रहांवरून आपलें ठिकाण शोधतो, त्यांवरील घड्याळें उंचीमुळें रोज सुमारें ४५ मायक्रोसेकंद पुढें जातात, वेगामुळें सुमारें ७ मागें पडतात, आणि उरलेले ३८ जर हिशेबांतून वजा केले नाहींत तर रस्ता चुकेल.

आतां आंबा वर फेंका आणि परत हातांत झेला. हातांतून सुटण्याचा क्षण आणि हातांत पडण्याचा क्षण हे दोन ठरलेले; मधल्या वेळांत आंब्यानें कसेंहि जावें. निसर्गाचा नियम एवढाच, कीं आंब्याच्या अंगावर एखादें घड्याळ बांधलेलें असेल तर तें या दोन क्षणांच्या दरम्यान जास्तींत जास्त वेळ दाखवील अशा रीतीनेंच तो जातो. वर जावें तर घड्याळ जलद चालतें. म्हणून वर जाण्यांत फायदा. पण घाईनें वर जावें तर वेगामुळें तेंच घड्याळ मंदावतें. म्हणून घाई करण्यांत तोटा. या फायद्या-तोट्याची तडजोड बी. एस्‌सी.च्या विद्यार्थ्याला येत असलेल्या कलनशास्त्रानें करून पाहिली, तर उत्तर येतें तें न्यूटनचेंच: आंबा तेवढ्याच त्वरणानें खालीं येतो. फळ्यावर सहा-सात ओळींचें गणित आहे. यांत कापड नाहीं, गोळा नाहीं, आणि खोटेंहि कांहीं नाहीं. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं, एम्. एस्‌सी.च्या वर्गांत दरवर्षीं मी तें शिकवितों. सभागृहांत मात्र कापड नेत होतों.

मग कापड अगदींच निरर्थक काय? तसेंहि नाहीं, आणि येथें इतिहास मोठा मौजेचा आहे. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा किरण किती वळेल याचें गणित आइन्स्टाइननें १९११ सालीं प्रथम मांडलें तें केवळ काळाचा विचार करून. उत्तर आलें सुमारें ०.८३ विकला. ग्रहणाच्या वेळीं तें पडताळून पाहण्यासाठीं फ्रॉइंडलिश नांवाचा जर्मन ज्योतिषी १९१४ सालीं क्रिमियांत गेला. परंतु मध्येंच महायुद्ध पेटलें, रशियनांनीं त्याला पकडलें, आणि वेध राहून गेले. राहून गेले हें आइन्स्टाइनचें भाग्य. कारण तें उत्तर निम्मेंच होतें. १९१५ सालीं सिद्धांत पुरा झाला तेव्हां अवकाशाच्या वक्रतेचा वांटा त्यांत मिळून उत्तर जवळजवळ दुप्पट, म्हणजे १.७ विकलांच्या घरांत गेलें, आणि २९ मे १९१९ च्या ग्रहणांत एडिंग्टन प्रभृतींच्या वेधांनीं कौल दिला तो या दुसऱ्या उत्तराला. सारांश, माझें कापड जें दाखवितें तें किरणाच्या बाबतींत निम्में खरें, आणि आंब्याच्या व पृथ्वीच्या प्रदक्षिणेच्या बाबतींत जवळजवळ मुळींच नाहीं. मीं तर टाळी घेत होतों ती पृथ्वीच्याच प्रदक्षिणेवर!

येथें एखादा समंजस वाचक म्हणेल, कीं शिकविणें म्हटलें म्हणजे असें कांहींसें करावेंच लागतें. आमच्या जुन्या शास्त्रकारांनाहि हें ठाऊक होतें, आणि त्यांनीं याला नांवेंसुद्धां देऊन ठेविलीं आहेत. लग्नांत वधूला अरुंधती दाखवितात. ती तारका बारीक. एकदम नजरेला येत नाहीं. म्हणून अगोदर शेजारची ठळक तारका दाखवून ‘ही अरुंधती’ असें म्हणावयाचें. नजर तेथें ठरली म्हणजे ‘ही नव्हे, हिच्या अगदीं लगत आहे ती’ असें म्हणून खरी दाखवावयाची. हा स्थूलारुंधतीन्याय. वेदान्त्यांनीं या पद्धतीचे दोन भाग पाडले: आधीं अध्यारोप, मग अपवाद, आधीं चढवावयाचें, मग उतरवावयाचें. याहून वेगळा तो शाखाचंद्रन्याय. ‘त्या फांदीवर पाहा, चंद्र आहे’ असें आपण मुलाला म्हणतों. चंद्र फांदीवर नसतो; पण फांदीलाच चंद्र समजणारें मूल मला अद्यापि भेटलेलें नाहीं. फांदी नजरेला दिशा देते आणि आपोआप गळून पडते. ठळक तारकेचें तसें नाहीं. तिला ‘अरुंधती’ हें नांव देऊन चुकल्यावर, तें नांव कोणींतरी परत घ्यावें लागतें.

माझी चूक मला या दोन न्यायांच्या मधल्या फटींत सांपडली. वर्गांतला शिक्षक ठळक तारका खुशाल दाखवूं शकतो. तो उद्यांहि येणार आहे, परवांहि येणार आहे, आणि दोन महिन्यांनीं का होईना, तो अपवाद सांगेल. पाहुणा व्याख्याता पांचच्या गाडीनें जाणारा. त्याला अध्यारोप जमतो, अपवादाला वेळ नसतो. लग्नांत भटजींनीं वसिष्ठाकडे बोट करून ‘ही अरुंधती’ म्हणावें आणि दक्षिणा घेऊन निघून जावें, त्यांतलाच हा प्रकार. नाहीं म्हणावयास ‘हें केवळ रूपक आहे बरें का’ असें आम्ही म्हणतों. पण धर्मराजानें ‘नरो वा कुंजरो वा’ ज्या आवाजांत म्हटलें, त्याच आवाजांत. (त्याहि कथेंत नांव अश्वत्थाम्याचेंच निघावें, हा एक योगायोग.)

माझे एक सहकारी याला उत्तर देतात तें दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं. ते म्हणतात, ‘तुम्ही स्वतः या शास्त्राकडे कसे वळलांत तें आठवा.’ तें मला चांगलें आठवतें. शाळेंत असतांना एका पुस्तकांत अणूचें चित्र पाहिलें: मध्यें केंद्रक, भोंवतीं ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन. बोरनें १९१३ सालीं मांडलेल्या कल्पनेचें तें बाळबोध रूप. धुळीच्या कणांत सूर्यमाला दडलेली आहे या विचारानें मी त्या रात्रीं झोंपलों नाहीं. तें चित्र पाहिलें नसतें तर मी आज कोठल्या तरी कचेरींत असतों. म्हणजे मीहि पिठाच्याच पाण्यावर वाढलों, हें मला मान्य केलें पाहिजे. परंतु त्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट आठवते. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षीं आमच्या प्राध्यापकांनीं तेंच चित्र फळ्यावर सुबक काढलें, आमच्याकडे वळून पाहिलें, आणि डस्टरनें एकेक कक्षा पुसून टाकली. ‘इलेक्ट्रॉनला अशी वाट नसते. एवढी वर्षें तुम्हांला हें सांगितलें, आतां परत घेतों,’ असें ते म्हणाले. त्या पुसण्यांत मला चित्रापेक्षांहि अधिक अद्भुत कांहींतरी दिसलें. वर्गांतलीं जीं मुलें पुढें वाणिज्य शाखेकडे गेलीं, किंवा ज्यांचें शिक्षण शाळेंतच संपलें, त्यांच्यासाठीं मात्र कोणीं डस्टर उचललें नाहीं. त्यांच्या मनांतल्या कक्षा अजून तशाच असतील.

गणिताचे व्याख्याते या पापापासून मुक्त आहेत असें कोणीं समजूं नये. एक, दोन, तीन, चार असे सर्व पूर्णांक अखेरपर्यंत मिळविले तर बेरीज उणे एक-बारांश येते, हें विधान हल्लीं तरुण श्रोत्यांपुढें जादूच्या प्रयोगासारखें फेंकण्यांत येतें, आणि जोडीला रामानुजनांचें नांव घेतलें जातें. रामानुजनांनीं १९१३ सालीं हार्डींना लिहिलेल्या पत्रांत तें आहे, हें खरें; परंतु ही बेरीज आपल्या सिद्धांतानुसार अशी येते, ही अट त्यांनीं त्याच वाक्यांत घातली आहे, आणि हें वाचून हार्डी आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवितील असेंहि पुढें लिहिलें आहे. बेरीज या शब्दाचा अर्थ येथें बदललेला आहे हें त्या तरुण कारकुनाला पुरतें ठाऊक होतें. जादूगार व्याख्याता ती अटच तेवढी गाळतो, आणि ज्या विद्यार्थ्याला बेरीज म्हणजे काय हें नीट समजलेलें असतें तोच नेमका गोंधळून घरीं जातो.

उलट देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येची गोष्ट पाहा. चार अंकी कोणतीहि संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडा, चढत्या क्रमानें मांडा, आणि वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर पुन्हां तेंच. १९४७ घेतले तर ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि पांचव्या पायरीला ६१७४. पुढें हालचाल बंद. कोणतीहि संख्या घेतली तरी सातांच्या आंत हा मुक्काम येतो. हें सभागृहांत करून दाखवावें, मुलांनीं आपापल्या वह्यांत करावें. घरीं जाऊन सर्व संख्या तपासावयाच्या म्हटलें तरी त्या मोजक्याच आहेत. यांतलें कांहींहि कोणालाहि पुढें परत घ्यावें लागत नाहीं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें मेणबत्तीवर व्याख्यानें देणाऱ्या फॅरडेचें मर्महि तेंच. ज्योत ही कशाची प्रतिमा म्हणून तो दाखवीत नव्हता. तो ज्योतच दाखवीत होता. आणि प्रकाश व द्रव्य यांविषयीं रिचर्ड फाइनमन यांचें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेलें सामान्यांसाठींचें पुस्तक घ्या: त्यांत फिरणारे लहान बाण आहेत आणि त्यांची बेरीज आहे. ते बाण खोटें चित्र नव्हेत. संमिश्र संख्यांचें नांव न उच्चारतां केलेलें तें तेंच गणित आहे. म्हणजे सोपें करून सांगणें आणि खोटें सांगणें या दोन गोष्टी एक नव्हेत; पहिलीला फार अधिक श्रम पडतात, एवढेंच.

याच फाइनमनांविषयीं त्यांचे सहकारी डेव्हिड गुडस्टीन यांनीं एक हकीकत सांगितली आहे. अर्धपरिवलन असलेले कण एका विशिष्ट नियमानेंच कां वागतात, असें त्यांनीं फाइनमनांना विचारलें. फाइनमन म्हणाले, यावर पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीं एक व्याख्यान तयार करतों. कांहीं दिवसांनीं परत येऊन त्यांनीं सांगितलें कीं तें जमलें नाहीं, आणि त्याचा अर्थ असा कीं ही गोष्ट आपल्याला अजून खरी समजलेलीच नाहीं. न दिलेल्या त्या व्याख्यानाबद्दल मला, दिलेल्या अनेकांपेक्षां, अधिक आदर वाटतो. कारण त्यांना एखादें कापड सुचलें नसेल असें मी मानीत नाहीं.

पण मला अखेर बोलावयाचें आहे तें या थोरांविषयीं नव्हे, समोर बसलेल्यांविषयीं. पिठाच्या पाण्यानें नुकसान होतें तें कोणाचें? जो विद्यार्थी टाळी वाजवून घरीं जातो आणि गुरुत्वाकर्षण आपल्याला समजलें असें मानून सुखानें जगतो, त्याचें फारसें कांहीं बिघडत नाहीं असें घटकाभर मानूं. दुसरा एक असतो. त्याला चव वेगळी लागलेली असते. हें दूध नाहीं असें त्याची जीभ सांगते. पण भोंवतीं दोनशें मुलें नाचत असतात, आणि पाजणाराच्या खांद्यावर शाल असते. मग तो आपल्या जिभेवरचा विश्वास सोडतो. शास्त्राच्या शिक्षणांत दुसरें कांहीं नाहीं आलें तरी चालेल, पण ही जीभ शाबूत राहिली पाहिजे. आणि सोप्या व्याख्यानाचा घाव नेमका तिच्यावर बसतो. ज्यांना विषय समजलेला नसतो ते खूष, आणि ज्याला समजूं लागलेला असतो तो खजील, ही फळें देणारी युक्ति दयाळूपणाच्या नांवाखालीं मोडते असें मला आतां वाटत नाहीं. त्या मुलीला पुढें काय वाटलें, ती पदार्थविज्ञानांत राहिली कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. मीं तिचें नांवहि विचारलें नव्हतें. नंतर त्या महाविद्यालयांत चौकशी केली. पण ‘दुसऱ्या वर्षाची, पुढून चौथ्या रांगेंत बसलेली’ एवढ्या खुणेवर कोण सांपडणार?

पाहुण्यानें जावेंच नये असेंहि माझें म्हणणें नाहीं. मुंबई विद्यापीठांत असतांना एस. कुमारेसन यांनीं १९९३ सालीं गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं उन्हाळी प्रशिक्षणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यांत मुलें चार-चार आठवडे राहतात. शिक्षक सांगण्यापेक्षां विचारतो अधिक, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. तें भाग्य प्रत्येक तालुक्याच्या गांवाला लाभणार नाहीं. आमचा पाऊण तास तर आहेच. प्रश्न आहे तो अपवाद त्या पाऊण तासाच्या आंतच कसा बसवावा हा.

मीं प्रथम कापड सोडून दिलें आणि आंब्याचें गणित फळ्यावर नेलें. स्पष्ट सांगावयाचें तर व्याख्यान पडलें. तिसऱ्या ओळीला मागच्या बांकांवर कुजबुज सुरू झाली, पांचवीला कांहीं मुलें उठून गेलीं, आणि आभार मानणारे गृहस्थ ‘अत्यंत विद्वत्तापूर्ण’ हा शब्द ज्या सुरांत उच्चारावयाचा असतो त्याच सुरांत तो उच्चारून गेले. मात्र सभा संपल्यावर एक मुलगा वही घेऊन आला. त्यानें सातवी ओळ स्वतः करून पाहिली होती, उत्तर बरोबर आलें होतें, आणि त्याची तक्रार अशी होती कीं आंब्याला आधींच कसें कळतें कोणत्या वाटेनें वेळ अधिक लागेल? तो सगळ्या वाटा चालून पाहतो काय? पुंजवादांत या प्रश्नाला एक उत्तर आहे, परंतु तें दारांत उभें राहून सांगण्यासारखें नव्हतें. ‘तुझा प्रश्न बरोबर आहे, मला त्यासाठीं आणखी एक तास लागेल, आणि माझी गाडी आहे,’ असें मीं सांगितलें. पत्ता दिला. त्याचीं दोन पत्रें आलीं.

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयाकडून आमंत्रण आलें, त्यांत ‘कापडाचा प्रयोग अवश्य दाखवावा’ अशी खास सूचना होती. बरेच दिवस विचार करून मीं पिशवी पुन्हां बाहेर काढली. चौघांनीं टोकें धरलीं, मीं गोळा ठेवला, गोटी सोडली; गोटी वळली, टाळी पडली. मग मीं त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला, तिला मीं काय उत्तर दिलें तेंहि सांगितलें, आणि म्हटलें, ‘यांत आणखी काय खोटें आहे तें आतां तुम्ही सांगा. दहा मिनिटें आहेत. त्यानंतर मी आंब्याकडे जाणार आहें.’

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आयोजक प्राध्यापक अस्वस्थ होऊन माझ्याकडे पाहूं लागले. मग एकानें घर्षणाचें काढलें, एकीनें म्हटलें कापडाला ‘खालीं’ अशी दिशा आहे, अवकाशाला ती कोठून आणणार? आणि अगदीं मागून, भिंतीला टेकून उभा असलेला एक मुलगा म्हणाला, ‘सर, गोळा वरून ठेवण्याऐवजीं खालून वर दाबला तर कापड तेवढेंच वाकेल ना?’

‘तेवढेंच.’

‘मग वक्रता तीच राहिली. तर गोटी तेव्हांहि गोळ्याकडेच यायला पाहिजे.’

वीस वर्षें मीं तें कापड खांद्यावरून वाहिलें होतें. तें उलटें करून पाहावें असें मला कधीं सुचलें नव्हतें. मीं त्याला पुढें बोलावलें. चौघांनीं कापड डोक्याच्या उंचीवर ताणून धरलें, तो मुलगा गोळा दोन्ही हातांनीं पेलून कापडाखालीं शिरला, मधोमध मोठा उंचवटा उठला, आणि मी खुर्चीवर चढून गोटी सोडली.